स्वतःला गायजिन म्हणणारे खांबेटेसान

सनीव्हेलमधल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक जुनी निळी गाडी उभी असायची. तिच्या नंबरप्लेटवर नंबर नव्हता, शिवी होती. कॅलिफोर्नियात हौस असेल तर नंबराऐवजी आपल्या आवडीची अक्षरं घेता येतात. कोणी बायकोचं नाव घेतं, कोणी गणपतीचं. या माणसानं सहा इंग्रजी अक्षरांत ‘गायजिन’ असं घेतलं होतं. गायजिन म्हणजे जपानीत बाहेरचा माणूस, उपरा. शिवी म्हणून कोणी देत नाही, सहज बोलता बोलता म्हणतात, आणि ज्याला म्हणतात त्याला ते बरोबर लागतं.

गाडी मुकुंद खांबेटे यांची. मूळचे पुण्याचे. मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत इंजिनिअर. अकरा वर्षं योकोहामात काढून २००१ साली कंपनीच्या इथल्या छोट्याशा ऑफिसात आले होते. मी पुढच्या वर्षी टेस्टिंगला लागले. पहिल्याच दिवशी शेजारच्या क्युबिकलमधून एक उंच, टकलू, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ उठून आले आणि कमरेत वाकून म्हणाले, “मी खांबेटे. गायजिन.”

मी म्हटलं, “मी वैशाली बोरकर. नागपूर.”

एवढे हसले, एवढे हसले, की पलीकडच्या रांगेतली माणसं उभी राहून बघायला लागली. मी पुण्यात हॉस्टेलला राहून जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तेव्हा शब्द मला माहीत होता. मनात म्हटलं, बाप्पा! हा माणूस एकतर फार मोठा आहे, नाहीतर याचं डोकं फिरलंय. सहा वर्षं शेजारी बसून मला ते ठरवता आलं नाही.

त्यांना सगळे खांबेटेसान म्हणायचे. सान म्हणजे आपलं ‘राव’ किंवा ‘जी’. फोनवर बोलताना ते वाकायचे. पलीकडे योकोहामातले कोणीतरी साहेब, आणि हे इकडे क्युबिकलमध्ये उभे राहून भिंतीला नमस्कार घालतायत. ऑफिसात त्यांच्या टेबलाखाली वेगळ्या सपाता असत. कुठेही गेले की येताना प्रत्येकासाठी खाऊ आणायचाच, कारण जपानात तशी रीत. फ्रेझ्नोला एका दिवसाच्या मीटिंगला गेले तरी संध्याकाळी प्रत्येकाच्या टेबलावर मनुकांचं एकेक पाकीट. मी म्हटलं, “अहो, फ्रेझ्नोहून काय आणता? मनुका तर खालच्या सेफवे दुकानात मिळतात.” तर म्हणाले, “वैशालीसान, मनुका नाही आणल्या. आठवण आणली.” असं बोलायचे. राग यायचा आणि मनुका खाऊनही व्हायच्या.

आणि जपानी! काय बोलायचा तो माणूस. मला सगळं कळत नव्हतं, पण गाण्यातलं न कळणाऱ्यालाही सूर लागलेला कळतोच की. ओगावासान आमचे जपानी मॅनेजर, अतिशय मोजकं बोलणारे. ते एकदा मला म्हणाले, “डोळे मिटून ऐकलं तर खांबेटेसान माझ्या काकांसारखे बोलतात.” मी खांबेटेसानांना हे सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, “हो ना. डोळे मिटावे लागतात.”

कडू असं काही त्यांच्या तोंडून मी त्या सुरुवातीच्या काळात ऐकलं ते एवढंच.

शब्द अंगाला कसा चिकटला ते ते स्वतःच रंगवून सांगायचे. योकोहामात गेल्यावर दुसऱ्या वर्षी घर शोधत होते. शुभाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेव्हा पोटुशी होत्या. घरांचा एजंट मोठा सज्जन माणूस. ह्यांना समोर बसवून, चहा देऊन, एकेका घरमालकाला फोन लावायचा. “चांगले गृहस्थ आहेत, मोठ्या कंपनीत आहेत, जपानी उत्तम बोलतात,” असं सगळं सांगायचा, आणि शेवटी आवाज खाली करून म्हणायचा, “पण गायजिन आहेत.” मग पलीकडून काहीतरी ऐकायचा, फोन ठेवायचा, ह्यांची क्षमा मागायचा, पुढचा फोन लावायचा. असे सतरा फोन.

“सतरा वेळा समोर बसून ऐकलं,” खांबेटेसान सांगायचे. “अठराव्या फोनला काय झालं कोण जाणे, त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि मीच म्हणालो, नमस्कार, मी गायजिन बोलतोय, तुमचं घर बघायला केव्हा येऊ? पलीकडची म्हातारी हसायलाच लागली. म्हणाली, या. घर मिळालं! त्या दिवशी कळलं. शिवी म्हणजे दुसऱ्यानं फेकलेला दगड. चुकवत बसलात तर जन्मभर चुकवत बसाल. झेलला की आपला. मग त्याचा पाटा करा, वरवंटा करा, काय हवं ते करा.”

आणि वर, “हसतील त्यांचे दात दिसतील.” ही म्हण तर त्यांनी जपानी लोकांनाही शिकवली होती.

मग त्यांनी त्या शब्दाचं जे काही केलं ते मात्र अतिच केलं. नंबरप्लेट झाली, टी-शर्ट झाला, आन्सरिंग मशीनवर ‘गायजिनच्या घरी फोन केल्याबद्दल आभार’ झालं. आणि एक शिक्का होता. जपानात सहीच्या जागी शिक्का मारतात, बोटाएवढा गोल, लाल शाईचा. प्रत्येकाचा आपल्या आडनावाचा. घराचा करार, बँक, मुलांची शाळा, शिक्क्याशिवाय पान हलत नाही. खांबेटेसानांचा नावाचा शिक्का होताच, पण योकोहामा सोडताना ऑफिसातल्या मंडळींनी निरोपाच्या पार्टीत त्यांना दुसरा एक भेट दिला. त्यावर आडनावाऐवजी कोरलं होतं, गायजिन. सगळे पोट धरून हसले. हे सगळ्यांत जास्त हसले. सांगताना म्हणायचे, “त्या दिवशी मी जिंकलो, वैशालीसान.” मला आत कुठेतरी वाटायचं, अकरा वर्षं काम करून निघालेल्या माणसाला हे देतात होय? पण मी बोलले नाही. खोटं कशाला सांगू, त्यांच्या वाढदिवसाला तो शब्द छापलेला कॉफीचा मग मीच करून दिला होता.

शिक्का ते पुस्तकांवर मारायचे, जेवणाच्या डब्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीवर मारायचे. एकदा त्यांनी रिव्ह्यूच्या कागदांवर मारला. ओगावासानांनी त्यांना खोलीत बोलावलं. मीही होते, टेस्टचे रिझल्ट घेऊन. ओगावासानांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “खांबेटेसान, हे आम्ही तुम्हाला शिकवलं का?” खांबेटेसान हसून म्हणाले, “तुम्ही फक्त शब्द दिलात. बाकी मी केलं.” ओगावासान मानेपर्यंत लाल झाले. “आम्ही तो विचार न करता बोलतो,” ते म्हणाले, “तुम्ही विचार करून बोलता. मला ऐकवत नाही.” त्यानंतर ऑफिसच्या कागदांवर तो शिक्का आला नाही. बाहेर येऊन हे मला म्हणतात कसे, “बघा, लागला की नाही दगड परत जाऊन?”

खरा वाद झाला तो केनशी. केन आमचा टेक्निशियन, पन्नाशी उलटलेला, चेहऱ्यानं जपानी, पण जपानीचं एक अक्षर न येणारा. तीन पिढ्या कॅलिफोर्नियातल्या. खांबेटेसानांचा टी-शर्ट बघून तो दर वेळी दुसरीकडे बघायचा. एका शुक्रवारी जेवताना ह्यांनीच छेडलं, “केन, तुला हा शब्द आवडत नाही का? तू तर इथला. तुला कोण म्हणणार आहे?”

केननं सँडविच खाली ठेवलं. म्हणाला, “माझी आई इथेच जन्मली, स्टॉकटनजवळच्या शेतावर. दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाची म्हणून, अमेरिकन सरकारनं तिला उचलून वाळवंटातल्या छावणीत टाकलं. तिलाही एक शब्द होता, इंग्रजी. शाळेत, दुकानात, सगळीकडे. तिनं तो मरेपर्यंत तोंडातून काढला नाही. आम्ही मुलांनी विचारलं तरी नाही. तिनं त्याचा शर्ट शिवला नाही.”

“तिनं शिवायला हवा होता,” खांबेटेसान म्हणाले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. ते कुठले थांबायला! “शब्द दडवला की त्याचं विष वाढतं. वापरून वापरून बोथट करायचा. मी तेच करतोय.”

“तुम्ही तिथे पाहुणे होतात,” केन म्हणाला. अजिबात आवाज न चढवता. “फार झालं तर परत जायला तुम्हाला तुमचं गाव होतं. माझ्या आईला बाहेरची म्हटल्यावर तिनं जायचं कुठे? तुम्ही शब्दाशी खेळू शकता, कारण तो तुमच्याबाबतीत खरा आहे.”

खांबेटेसानांनी त्याला मनुका दिल्या. वाद संपला असं त्यांना वाटलं. इतका हुशार माणूस, पण आपल्या मताच्या घोड्यावर बसला की खाली कोण उभं आहे ते त्याला दिसायचं नाही.

खाली कोण उभं होतं ते मला ठाऊक होतं, कारण आम्ही एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहत होतो आणि शुभाताई माझ्याशी बोलायच्या. त्यांची मुलगी अमी योकोहामातच जन्मलेली, त्याच अठराव्या फोनवाल्या घरात वाढलेली. इकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. नावही दोन्हीकडे चालेल असं शोधून ठेवलेलं. शुभाताई तिच्याशी मराठीत बोलायच्या, तिला कळायचं सगळं, पण उत्तर जपानीत. बापाशी तर फक्त जपानीत. त्या दोघांचं एक वेगळंच राज्य होतं. वडिलांना ओतोसान म्हणायची, म्हणजे बाबा. स्विमिंग पूलच्या कडेला दोघं पाय सोडून बसायची आणि तासन्‌तास काय बोलायची कोण जाणे. खांबेटेसान हातवारे करतायत, ती खिदळतेय. शुभाताई म्हणायच्या, “मी आपली बाहेर. मला त्या दोघांत प्रवेश नाही.” म्हणायच्या हसून, पण म्हणायच्या.

त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली होती. अमी योकोहामात पहिलीत असताना एका मुलानं वर्गात तिच्याकडे बोट दाखवून गायजिन म्हणून ओरडा केला. शुभाताई तिला न्यायला गेल्या होत्या, दाराशीच उभ्या होत्या. अमीनं मागे वळून बघितलं. कोण गायजिन आलाय म्हणून बघितलं. मागे तर कोणीच नव्हतं.

“यांना सांगितलंत?” मी विचारलं.

“कशाला? त्यांनी तिला भाषण दिलं असतं,” शुभाताई म्हणाल्या.

सनीव्हेलला आल्यावर मात्र अमीची गाडी रुळावर आली. रोजची शाळा इंग्रजी, पण दर शनिवारी जपानी मुलांची शाळा भरायची. इकडे तीन-चार वर्षांसाठी आलेल्या जपानी साहेबांची मुलं तिथे असायची. परक्या देशात सगळेच परके, त्यामुळे तिथे तिला कोणी तो शब्द म्हणाला नाही. ती ‘योकोहामाची अमी’ झाली. वर्गात सगळ्यांत सुंदर अक्षर तिचं. साओरी नावाची जिवाभावाची मैत्रीण. शनिवारची वाट ती पोर मंगळवारपासून बघायची. दहा-बारा वर्षांच्या पोरीला आणखी काय लागतं हो? आपण जिथले आहोत तिथले आहोत असं कोणीतरी म्हणावं, एवढंच.

त्या शाळेची एक पद्धत होती. मुलांनी रोज घरी धडा मोठ्यानं वाचायचा, आईनं किंवा वडिलांनी ऐकायचा आणि एका कार्डावर त्या दिवसाच्या चौकटीत शिक्का मारायचा. शनिवारी कार्ड बाईंकडे. हे काम शुभाताईंचं. त्यांना निम्मं कळत नसे, पण भाजी चिरता चिरता ऐकायच्या आणि नेमानं शिक्का मारायच्या.

२००४च्या वसंतात शुभाताईंच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि त्या तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेल्या. वाचन ऐकायचं काम खांबेटेसानांकडे आलं. ते काय खूश! रोज सहाला ऑफिसातून पळायचे. “आज आमचा कोल्ह्याचा धडा आहे,” म्हणायचे. दोघं मिळून आवाज काढून वाचायची, मला खालच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. शिक्का मारायचं मात्र आठवडाभर विसरले. शनिवारी सकाळी शाळेच्या दाराशी गाडी लावल्यावर अमीनं आठवण केली. नावाचा शिक्का सापडेना, तो शुभाताईंच्या पर्समध्ये पुण्याला गेलेला. ह्यांच्या बॅगेत दुसरा होता. लाल ठसा तर हवा, कोणता का असेना. पोरगी मागच्या सीटवर बुटांचे बंद बांधत होती. ह्यांनी स्टिअरिंगवर कार्ड ठेवून धडाधड सात ठसे मारले, कार्ड तिच्या फोल्डरमध्ये सरकवलं, आणि दप्तर हातात दिलं. आणि तिथूनच मला फोन केला. “वैशालीसान, आज गृहपाठावरसुद्धा गायजिन!” मी काय केलं असेल? हसले. मी खिचडी टाकत होते, हातात झारा होता, आणि मी हसले.

त्या शनिवारी शाळेत पालकांसाठी प्रदर्शन होतं. वाचनाची कार्डं भिंतीवर लावली. सात चौकटींत सात लाल गायजिन. साओरीनंच पहिल्यांदा वाचलं. वाईट पोर नव्हती ती. तिनं विचारलं, “तुमचं आडनाव असं आहे?” मागून एक मुलगा म्हणाला, “गायजिनसान!” मग वर्गभर तेच. बाई ओरडल्या, कार्ड काढलं. काढेपर्यंत सगळ्यांच्या आयांनी वाचलं होतं. त्यांतल्या दोघी-तिघी तिच्याकडे बघून फार प्रेमानं हसल्या, असं अमीनं पुढे शुभाताईंना सांगितलं. तेच तिला जास्त लागलं होतं.

दुपारी मी डबा घेऊन वर गेले तर दोघं नुकतीच घरात आली होती. अमी दाराच्या आत उभी, बूटही काढले नव्हते. त्या घरात बूट घालून आत पाऊल टाकायची कोणाची बिशाद नव्हती, ती कार्पेटवर उभी होती. रडून झालेलं दिसत होतं. खांबेटेसानांनी मला खुणेनं बसवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणजे त्यांना कळलं होतं. माझी शप्पथ, त्यांना कळलं होतं.

‘चुकलो बाळा’, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. जगातल्या कुठल्याही भाषेत चालले असते.

पण त्यांनी भाषण सुरू केलं. जपानीत होतं, पण मला शब्द न् शब्द पाठ होता तो. दगड, झेलणं, पाटा, वरवंटा. सतरा फोन. हसतील त्यांचे दात दिसतील. “तूही सांग त्यांना, हो, मी गायजिन, आहेच मुळी! बघ कसे गप्प बसतात.” बोलता बोलता ते गुडघ्यांवर बसले, तिचे हात धरले. तरी बोलणं चालूच. एकदा मान्य केलं असतं की शब्द लागतो, तर अकरा वर्षं त्यांनाही लागला होता हे मान्य करावं लागलं असतं. माझं आपलं असं मत आहे.

अमीनं सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश, त्या तिच्या सुंदर जपानीत म्हणाली, “ओतोसान, गायजिन तुम्ही आहात. तुम्ही बाहेरून आलात. मी कुठून आले?”

खांबेटेसान हसले. मुद्दाम नाही हो, सवयीनं. अकरा वर्षांची सवय ती. तोंड आपोआप हसलं, डोळ्यांत पाणी होतं. पण तिनं बघितलं ते तोंड.

ती खोलीत गेली. बापाशी ती त्यानंतर जपानीत बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जपानीत विचारलं, दूध घेणार का. ती म्हणाली, “नो, डॅड. थँक यू.” ओतोसानचा डॅड झाला. शनिवारची शाळा सोडली. शुभाताई परत आल्या, रागावल्या, समजावलं, रडल्या. पोरगी उद्धट म्हणून वागली नाही कधी. विचाराल त्याचं उत्तर द्यायची, नीट, हळू आवाजात, इंग्रजीत. जपानी पुस्तकं तिनं खोक्यात भरून लायब्ररीला दिली. विसरलेच म्हणायची. बारा वर्षांची भाषा कोणी विसरतं का? पण म्हणायची.

मग खांबेटेसानांनी काय काय नाही केलं! बैल गेला नि झोपा केला. नंबरप्लेट काढली, टी-शर्ट फेकला, माझा मग ऑफिसच्या कपाटातून नाहीसा झाला. तो शब्द त्यांच्या तोंडून परत ऐकला नाही. दुसरं कोणी म्हणालं तर उठून जायचे. अमीच्या डब्यात जपानीत चिठ्ठ्या ठेवायचे, त्या तशाच परत यायच्या. ऑफिसातून फोन करायचे तिला. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. ह्यांचं वाक्य जपानीत, मग शांतता, मग परत ह्यांचं वाक्य, हळूहळू इंग्रजीकडे वळणारं. आणि खांबेटेसानांचं इंग्रजी, काय सांगू, कामापुरतं. त्या इंग्रजीत गंमत करता यायची नाही त्यांना, कोल्हा करता यायचा नाही. दोघं पूलाकडे बसेनाशी झाली, बोलणार काय?

एकदा मी चिडले. म्हटलं, “अहो, माफी का मागत नाही तिची?”

“मागितली,” ते म्हणाले. “चार वेळा मागितली. जपानीत मागितली तर ती म्हणते, आय डोन्ट अंडरस्टँड. इंग्रजीत सॉरी म्हटलं तर म्हणते, इट्स ओके.” मग म्हणाले, “केनचं ऐकायला हवं होतं ना?”

मला विचाराल तर त्या सगळ्या वादाचं माझं उत्तर एवढंच आहे. स्वतःला काय वाटेल ते म्हणवून घ्या, तुमची छाती, तुमचा दगड. पण तुमच्या आडोशाला कोणी लहान उभं असेल तर निदान मागे बघून झेला. तेव्हा मात्र मला हे सुचलं नाही. मी म्हटलं, “होईल हो सगळं ठीक.” झालं डोंबल ठीक.

२००८मध्ये इथलं ऑफिस बंद करायचं ठरलं. आम्हाला सगळ्यांना नारळ, खांबेटेसानांना मात्र योकोहामाहून बोलावणं. ग्रीनकार्ड आदल्या वर्षीच आलं होतं, शुभाताई एका क्लासमध्ये गणित शिकवत होत्या, अमीची शाळेची दोन वर्षं राहिली होती. ते एकटेच निघाले. मी म्हटलं, “इथेच बघा ना दुसरं काहीतरी. पोरगी मोठी होतेय.” ते टेबलाखालच्या सपाता पिशवीत भरत होते. “तिकडे निदान लोक माझ्याशी जपानीत बोलतील हो,” म्हणाले. “लांबून का होईना, बोलतील.”

सॅन फ्रान्सिस्कोच्या एअरपोर्टला मीच सोडायला गेले. पुढे ते, मागे शुभाताई आणि अमी. सोळा वर्षांची, बापासारखी उंच. काउंटरवरच्या जपानी बाईंनी ह्यांना इंग्रजीत विचारलं, ह्यांनी जपानीत उत्तर दिलं, बाई पुढचंही इंग्रजीतच बोलल्या. खांबेटेसानांनी मान हलवली आणि बोर्डिंग पास घेतला.

सिक्युरिटीच्या रांगेपाशी आलो. आपण घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, आणि घरातलं माणूस म्हणतं, या. जपानी लोकांत अगदी अशीच रीत आहे. निघणारा म्हणतो, इत्तेकिमास, म्हणजे जाऊन येतो. मागे राहणारा म्हणतो, इत्तेराश्शाई, जाऊन या. रोज सकाळी घराघरांत म्हणतात. पोरं बोलायला लागतात ती हे म्हणत. उत्तर दिल्याशिवाय माणसाला दाराबाहेर जाऊ देत नाहीत.

खांबेटेसान शुभाताईंशी बोलले, मला म्हणाले, “लक्ष ठेवा.” मग अमीपुढे उभे राहिले. पिशवी खाली ठेवली. वाकले नाहीत, हसले नाहीत. म्हणाले, “इत्तेकिमास.”

ती त्यांच्याकडे बघत होती. मी तिच्या बाजूलाच होते. तिचे ओठ किंचित हलले, हे मी देवाशपथ सांगते, हलले. रांगेतला मागचा माणूस एक्स्क्यूज मी म्हणाला. खांबेटेसान जागचे हलले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, थोडं मोठ्यानं. शुभाताईंना राहवलं नाही. जन्मात जपानी नीट न बोललेल्या त्या बाईनं आपल्या पुणेरी उच्चारात म्हटलं, “इत्तेराश्शाई, हो. इत्तेराश्शाई. निघा आता.”

“बाय, डॅड,” अमी म्हणाली. “सेफ फ्लाइट.”

“थँक यू,” खांबेटेसान म्हणाले.

रांग पुढे सरकली. त्यांनी बूट काढून ट्रेमध्ये ठेवले, पट्टा काढला, आणि मोज्यांवर उभे राहून मागे वळले. अमी तोवर पार्किंगच्या दिशेनं चालायला लागली होती, शुभाताई तिच्यामागे. मीच एकटी उरले होते. मी हात हलवला. मोठ्यानं हलवला, दोन्ही हलवले. ते माझ्याकडे बघतच नव्हते.